सरप्लसचं कार्ड

३१ ऑक्टोबर १९५६. दुपारी साडेतीनला यादी अनुवाद शाखेत आली. मध्य भारत राज्याचा तो शेवटचा दिवस; उद्यापासून नवं राज्य, राजधानी भोपाळ. भोपाळला जाणारे कोण, ते आधीच कळलं होतं. ही उरलेल्यांची यादी. वर एकच इंग्रजी शब्द, सरप्लस, आणि खाली सात नावं. तिसरं अनुवादक मुकुंदरावांचं.

हिंदी प्रत पाचच्या आत फलकावर लागायची होती.

मुकुंदरावांनी पत्र्याचा डबा उघडला. शाखेत प्रत्येक इंग्रजी शब्दाचं कार्ड असे: मूळ काय, अर्थ कसा बदलला, प्रतिशब्द कोणता ठरला. ठरलेला शब्द वरिष्ठांच्या सहीशिवाय बदलायचा नाही, हा नियम त्यांनीच घालून दिला होता.

कार्ड त्यांच्याच अक्षरातलं निघालं. ‘मूळ लॅटिन: वर, अधिक. १९३१, गरजेहून जास्त पिकलेलं धान्य: बढती. १९५०, संस्थानी पलटणी मोडल्यावर उरलेले शिपाई: फालतू.’

“काका, अतिरिक्त लिहून टाका ना,” समोरच्या टेबलावरून बळवंत म्हणाला. त्याचं नाव भोपाळच्या यादीत होतं. “आता कौन देखने बैठा है?”

“सही लागते.”

“सही करणारे दिनकरराव तर सकाळच्या गाडीने भोपाळला गेले.”

“म्हणूनच.”

१९५० मध्ये सुभेदार संभाजीराव आपला कागद घेऊन याच टेबलाशी उभे राहिले होते. “सत्तावीस वर्षं पलटणीत काढली, मुकुंदराव. फालतू?” शब्दाचं मूळच तसं आहे, असं मुकुंदरावांनी तेव्हा सांगितलं होतं. कार्डावर तसं कुठेच नव्हतं.

आताही त्यांनी लिहिलं: फालतू.

संभाजीराव आता याच कचेरीच्या दारावर चपराशी होते. फलकावर कागद लावणं त्यांच्याकडेच. पाचला पाच कमी असताना ते आले. तिसऱ्या नावापर्यंत वाचून थांबले.

“माझाच शब्द ठेवलात.”

“हो.”

“बदलला असतात, तर कागद दुसऱ्या कुणाकडून लावून घ्यावा लागला असता.”

ते गेल्यावर मुकुंदरावांनी भोपाळला अर्ज लिहिला. प्रतिशब्द चुकीचा आहे, मुळाला धरून नाही. आधी १९५० च्या यादीत दुरुस्त करावा, नंतर आजच्या. चूक अनुवादकाची. खाली सही केली.

नोव्हेंबर संपला तरी उत्तर आलं नव्हतं. कागद फलकावर तसाच होता. मधे त्याची एक टाचणी निघाली, ती संभाजीरावांनी परत लावली.