तीन कुलपांची पेटी

"आज ग्राइंडर चालायचा न्हाई," धोंडीबा म्हणाला आणि शेडमधल्या स्टुलावर ठाण मांडून बसला.

मालोजीने घड्याळ पाहिलं. गिऱ्हाईक चार वाजता मोशीच्या चौकात येणार होतं. साडेतीन वाजले होते आणि पेटी उघडत नव्हती. तिसऱ्या कुलपाची किल्ली हरवली, असं टेम्पोवाला रोहिदास आत्ता, ऐनवेळी सांगत होता. ते कुलूप आता ग्राइंडरनेच कापावं लागणार होतं.

पेटीत कार्बाइडच्या टिपा होत्या. लेथच्या हत्याराच्या टोकाला बसवायच्या, लोखंड कापणाऱ्या, नखाएवढ्या टिपा. मूठभर विकल्या तर कामगाराचा महिन्याचा पगार सुटतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत या तिघांनी चाकणच्या एका कंपनीतून त्या उचलल्या होत्या. धोंडीबा तिथला टूलरूममधला जुना मेस्त्री, मालोजी वॉचमन, रोहिदासचा टेम्पो. चोरी झकास जमली. पंचाईत पुढे झाली. माल कोणाच्या घरी ठेवायचा? तिघांचा एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता.

म्हणून धोंडीबाने पोलादी पेटी बनवली. तिला तीन कुलपं लावली, तिघांकडे एकेक किल्ली दिली आणि पेटी आपल्या शेडच्या फरशीत बोल्टने पक्की केली. काम असं देखणं, की जोडात नख शिरणार नाही. रोहिदास तेव्हा हसला होता. "एवढी कशाला घासता, मेस्त्री? पेटीच हाय, देव्हारा न्हाई."

अकरा महिने माल थंड होऊ दिला. दर रविवारी मालोजी निगडीहून बस पकडून 'सहज' यायचा, धोंडीबाच्या बायकोच्या, अंबुबाईच्या हातचा चहा प्यायचा आणि जाता जाता तिन्ही कुलपं ओढून बघायचा. रोहिदास त्यासाठी बुधवारी यायचा. आपल्या नवऱ्याला एवढे जिवलग मित्र आहेत, याचं अंबुबाईला फार कौतुक होतं.

आज खंडेनवमी. कंपन्यांत पूजा, रस्ते मोकळे, म्हणून मालोजीने हाच दिवस धरला होता. शेडमध्येही पाटावर सगळी हत्यारं मांडली होती. कानस, छिन्नी, हातोडा, ग्राइंडर. सगळ्यांना हळदीकुंकू, वर झेंडूची माळ.

मालोजीने पाटावरचा हातोडा उचलला. धोंडीबाने त्याचं मनगट धरलं. साठीच्या माणसाची पकड, पण मालोजीची बोटं आपोआप उघडली.

"ठेव खाली. पूजेतला हाय. चौतीस वर्सं ह्या दिवशी मी हत्याराला हात लावला न्हाई. सायबानं ओव्हरटाइम दिला तरी न्हाई."

मालोजीचं डोकं फिरलं. "देवाचं नाटक नको, मेस्त्री! पेटी रिकामी हाय. तूच गिळलास माल, म्हणून उघडू देत न्हाईस."

धोंडीबाचा चेहरा उतरला. चोर म्हणवून घ्यायला त्याची हरकत नव्हती. चोरी त्याने केलीच होती. पण सोबत्याचा वाटा खाणारा? हे त्याच्या काळजाला लागलं. आयुष्यभर त्याने एकच गोष्ट कमावली होती, त्याच्या हातच्या कामात खोट नसते ही. आता ती पणाला लागली होती.

तो उठला. पेटीजवळ गुडघे टेकून बसला. उजव्या बाजूच्या पत्र्यावर दोन्ही तळवे ठेवले, जरा दाबले आणि वर सरकवले. आवाज न करता अख्खी बाजू निघून हातात आली. पुढची तिन्ही कुलपं होती तशी लटकत राहिली.

रोहिदासचा हात एकदम खिशाकडे गेला. आपली किल्ली चाचपायला. मालोजीने झडप घालून ती बाहेर काढली. हरवलेली किल्ली! मालोजीचं गिऱ्हाईक हातचं जावं आणि माल आपल्या गिऱ्हाइकाला मिळावा, एवढ्यासाठी रोहिदासने ती हरवली होती.

पण त्याच्याशी भांडायला मालोजीला सवड नव्हती. तो पेटीच्या उघड्या बाजूशी वाकला आणि तसाच थांबला. आत सगळी पाकिटं रचून ठेवलेली होती. एकाचंही सील फुटलेलं नव्हतं.

"म्हंजी तू ही कवाबी उघडू शकत व्हतास?" त्याने विचारलं.

"व्हय. पण उघडली एकदाच. आज सकाळी."

"कशाला?"

धोंडीबाने मान ताठ केली आणि आत बोट दाखवलं. सगळ्यात वरच्या पाकिटावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं. त्यावर झेंडूचं ताजं फूल होतं.

"ती बी हत्यारंच हायेत, राव. बिनपूजेची ठेवायची व्हय?"