पापणी

जिल्ह्याच्या हॉकी संघात गोलकीपरची एकच जागा उरली होती आणि तिच्यावरून शाळेच्या प्रशिक्षक अनसूयाबाई संघ निवडणाऱ्या दत्तोपंत सरांशी सकाळपासून भांडत होत्या.

"तुमची गंगाखेडची पोरगी लय उंच हाय, कबूल. पण आमची कावेरी चेंडू अंगावर घेते, तरी पापणी लवत न्हाई तिची. दंडावर काळेनिळे डाग हायेत तिच्या, सगळे सरावाचे! भ्या म्हणजे काय, ते ठाऊकच न्हाई लेकराला."

"बरं बाई, हरलो मी. बोलवा तुमच्या वाघिणीला."

कावेरी वाऱ्यासारखी धावत आली. "शाब्बास गं!" म्हणत सरांनी तिची पाठ थोपटायला हात उचलला, तशी ती मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून पुटपुटली, "बाबा, चुकलं माझं."