ह्यांना काढा

"ह्यांनाबी काढा की मास्तर, त्या चितरात," सोजराबाई म्हणाली आणि चहाची पितळी तिने दगडावर ठेवली.

उद्धवरावांचा ब्रश हवेतच थांबला.

ते पुण्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर. सुट्टी लागली की तैलरंगांची पेटी सायकलच्या कॅरियरला बांधायची, गावोगाव हिंडायचं आणि नजर ठरेल तिथं ईझल मांडायचं, हे त्यांचं वेड. बायको म्हणे, लोकांना बिडीचं व्यसन असतं, आमच्याकडे डोंगरांचं आहे. या खेपेला ते मोशीत सोजराबाईचा नवरा मालोजी याच्या ओसरीवर उतरले होते. समोर इंद्रायणीचं वळण, काठच्या बाभळी, मालोजीचा बांध आणि बांधापलीकडे विहीर. चित्र इतकं जमत आलं होतं की त्यांचं त्यांनाच खरं वाटेना.

"मी माणसं नाही काढत," ते म्हणाले.

"का वं?"

सांगावं की नाही, असं त्यांना झालं. पण ही बाई रोज गरम भाकरी पुढ्यात ठेवत होती, तीही भाजलेल्या हाताला चिंधी बांधून. चुलीत हात गेला, असं ती म्हणाली होती. "लई येंधळी हाय वो," असं म्हणून मालोजी खदाखदा हसला होता, आणि पाहुण्याच्या धर्माला जागून मास्तरही थोडे हसले होते.

त्यांनी सांगितलं. गेल्या थंडीत चिखलीला त्यांनी एक चिंच रंगवली. काही केल्या ती साधेना. शेवटी सुरीने सगळा रंग खरवडला आणि त्या जागी आभाळ रंगवलं. कॅनव्हास वाया घालवणं त्यांच्या जिवावर येई. पुढे त्याच वाटेने गेले, तर चिंच मुळासकट आडवी. वादळ नाही, वारा नाही. मग भोसरीची विहीर. तीही मनासारखी उतरली नाही म्हणून खरवडून तिथं खडक काढला. महिना गेला नाही तोच विहीर ढासळून बुजली.

"मी जे काढतो ते जातं, बाई," उद्धवराव म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "म्हणून जिवंत माणूस काढायचा नाही, अशी शपथ घेतलीय. खरं सांगतो, आणखी एकदा असं झालं ना, तर ही पेटी इंद्रायणीत सोडून देईन. पुन्हा रंगाला हात लावणार नाही."

त्यांनी रंगवलेला आळंदीचा घाट घरच्या भिंतीवर लटकत होता आणि बायको येताजाता त्याला हात जोडत होती, तिकडे आळंदीत खरा घाटही जागच्या जागी होता, हे त्यांना त्या घडीला आठवलं नाही. भ्यालेल्या माणसाला अशा गोष्टी आठवत नाहीत.

सोजराबाईने सगळं लक्ष देऊन ऐकलं. नदीकडे बघत तिने हातावरची चिंधी घट्ट केली.

"चिंच म्हातारी आसंल," ती म्हणाली. "आमच्या ह्यांचा येक फोटू न्हाई वं घरात. काढून तर बघा. तुमचा वहीम तरी जाईल."

शेवटचं वाक्य मास्तरांना नेमकं लागलं. तो वहीम जावा, हेच तर त्यांना हवं होतं.

दुपारी मालोजी मिशीला पीळ देऊन बांधावर उभा राहिला. डोक्याला लालभडक पटका.

"झ्याक काढा, मास्तर!" तो तिथून ओरडला. "हिला कळू द्या, आपला धनी कसा दिसतो त्ये!"

सोजराबाई तोंडाला पदर लावून हसली.

आकृती बोटाएवढीच. पांढऱ्या धोतराचा एक फटकारा, वर पटक्याचा लाल ठिपका. पण त्या ठिपक्याने सगळं चित्र जागं झालं. इतकं जिवंत काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, असं उद्धवरावांना वाटलं आणि त्याचीच त्यांना थोडी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मालोजी ठणठणीत. भाकरीवर भाकरी रिचवून तो बांधावर गेला. लांबून लाल पटका हलताना दिसत होता, चित्रात होता अगदी त्याच जागी. मास्तरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते चक्क शीळ घालू लागले.

तेवढ्यात सोजराबाई धापा टाकत आली.

"मास्तर, ह्यांना काढा!"

"काढलंय की. हे काय."

"तसं न्हवं वं! त्या चितरातनं काढा. लई वंगाळ सपान पडलं मला. पाया पडते, पुसून टाका त्यांना!"

ती खरंच पायांवर पडली. गेलेली भीती दुपटीने परतली. चित्राचा जीव त्या ठिपक्यात होता, पण माणसाच्या जिवापुढे चित्राची काय मातब्बरी! रंग अजून ओला होता. त्यांनी सुरी घेतली, पटका खरवडला, धोतर खरवडलं. कापडाच्या विणीत थोडा लाल उरला होता, तो टर्पेंटाइनच्या चिंधीने घासून काढला. हातून एक पुण्य घडलं म्हणून त्यांचे डोळे भरून आले.

"झालं," ते म्हणाले. "आता घोर करू नका, बाई. पार मुळापासून काढलाय."

सोजराबाई कॅनव्हासवर वाकली. तिथला रिकामा बांध तिने निरखून पाहिला. मग मान वर करून समोरच्या बांधाकडे पाहिलं. उद्धवरावांनीही पाहिलं. लाल पटका कुठे दिसेना. विहिरीकडे उतरला असेल, असं त्यांना वाटलं.

"मास्तर," तिने हळूच विचारलं, "त्या चिंचंलाबी असंच खरवडलं व्हतं न्हवं?"

"हो," ते बोलून गेले, आणि सुरी त्यांच्या हातात तशीच राहिली.

सोजराबाईने त्यांच्या दुसऱ्या हातातली चिंधी काढून घेतली, तिची कोरी बाजू वर केली आणि कपाळावरचं कुंकू सावकाश पुसलं.