आत्याची साडी

"'सावनी' नावाचं डोमेन विकणार का? माझंच नाव आहे, दुकानासाठी हवंय." ईमेल वाचला आणि माझा चहा तसाच राहिला. मालक कोण, हे तिला ठाऊक नव्हतं.

वेबसाइटची नावं स्वस्तात घेऊन ठेवायची आणि गिऱ्हाईक आलं की विकायची, हा माझा धंदा. नवख्यांना मी एकच सांगते, नावात जीव अडकवू नका. हे नाव मात्र भाचीच्या बारशाच्या सकाळी घेतलं, कुणाला कळायच्या आत. मग पाळण्यात वाकून तिच्या कानात कुर्रर्र केलं. बायकांनी पाठीत घातलेले धपाटे अजून आठवतात. दादा म्हणाला, तुझी मानाची साडी दिवाळीला घेऊ. त्याआधीच घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं तुटलं. नाव मात्र मी दरवर्षी पैसे भरून राखलं.

मी उत्तर लिहिलं, "विकायचं नाही, तुझंच आहे. मी तुझी आत्या. बारशाची साडी तेवढी राहिली आहे. ती तुझ्या बाबांनी स्वतः आणून द्यावी." खाली माझा फोन नंबर टाकला.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून मेसेज आला, "अजून हिरवाच रंग आवडतो का गं?"