बैठक रद्द झाली त्या दुपारी

"हे पाळणाघर आजपासून बंद!" दार ढकलतच साहेब गरजले.

आत कल्लोळ माजला होता. कर्मचाऱ्यांची चिल्लीपिल्ली सतरंजीवर हातपाय आपटत होती. एकाने दुसऱ्याचा बूट तोंडात धरला होता. दुसरा बुटासाठी नव्हे, केवळ साथ देण्यासाठी भोकाड पसरून होता. सांभाळणाऱ्या मावशी एक कडेवर, एक पायाशी, अशा हताश उभ्या होत्या.

टंकलेखिका धावत दाराशी आली. तिची लेक आतच होती. लेकीला ठेवायला दुसरी जागा नव्हती. पाळणाघर गेले की मागोमाग नोकरीही जाणार होती.

साहेबांचे सभागृह लाकडी भिंतीपलीकडे होते. रोज जेवणानंतर तिथे आढावा बैठक भरे. म्हणजे साहेब बोलत आणि बाकीचे माना डोलावत. काही होकाराने, काही डुलकीने. आज बैठक प्रथमच रद्द झाली होती. साहेब एकटे बसले, आणि हा गोंगाट त्यांच्या कानी पडला.

"रोज हेच चालतं का?"

"नाही हो साहेब. रोज या वेळेला गाढ झोपलेली असतात."

"मग आज काय धाड भरली?"

मावशींनी टंकलेखिकेकडे पाहिले. टंकलेखिकेने छताकडे.

"रागावू नका," मावशी म्हणाल्या, "पण आज पलीकडून तुमचा आवाज नाही ना आला."

साहेबांचे कान लाल झाले. "म्हणजे मी काय अंगाई गातो? शिस्त म्हणून काही आहे की नाही? परिपत्रक काय सांगतं? 'प्रत्येक कर्मचाऱ्याने, तसेच त्याच्या अधीनस्थ कर्मचाऱ्याने, उपरोक्त बाबी विचारात घेऊन...'"

परिपत्रक त्यांना तोंडपाठ होते. एकेक कलम पुढे सरकू लागले तसा तोंडातला बूट गळून पडला. कुठूनशी एक जांभई उठली आणि सतरंजीभर फिरली. भरती ओसरावी तसे हुंदके ओसरले. दाराशी आलेला शिपाईसुद्धा चौकटीला टेकला. खोलीत पंख्याची घरघर तेवढी उरली, आणि तो संथ, न संपणारा आवाज.

साहेब थबकले. आपल्या बोलण्याचा परिणाम ते आयुष्यात प्रथमच डोळ्यांनी पाहत होते. एका चिमुकल्या मुठीने त्यांची विजार घट्ट धरली होती. टंकलेखिकेची लेक अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहत होती. घरीदारी इतक्या विश्वासाने त्यांचे कुणी ऐकले नव्हते.

"थांबू नका, साहेब," मावशी कुजबुजल्या. "ही एक अजून जागी आहे."

साहेब हलकेच सतरंजीवर टेकले, आणि त्यांनी परिपत्रक पहिल्यापासून सुरू केले.