लिमाचं विमान आणि मधलं अंगण

"कमल, धाव गं! छातीत कळ आलीय!"

यमुनाकाकूंची हाक आली. त्यांचं दार अंगणापलीकडे, अगदी समोर. कमल हातातली बादली टाकून पळाली, आणि तेवढ्यात विमानतळाचा भोंगा वाजला.

"मेल्यांनो, आत्ताच?" ती ओरडली.

लिमाहून विमान निघालं होतं. ते निघालं की नाडी ओढावी तसं अर्ध्या जगाचं अंतर आवळायचं आणि माणसं चहा उकळेपर्यंत इथे पोचायची. पण आवळलेलं अंतर कुठेतरी सुटणारच. ते विमानतळामागच्या या वस्तीत सुटायचं, विमान उतरेपर्यंत. एरवी अंगण ताणलं गेलं की दोघी आपापल्या ओट्यावरून हातवारे करत हसायच्या.

आज कमल धावत होती आणि काकूंचं दार मागे मागे सरकत होतं. सकाळी काढलेली वीतभर रांगोळी शेताएवढी पसरली होती. एका रेषेवरून दुसरीवर जाईपर्यंत तिला धाप लागली.

विमानात तिचीच लेक होती. लेक लांब दिली म्हणून कमल वर्षभर रडली होती, आणि हे विमान हवं म्हणून वस्तीच्या सभेत पहिला हात तिनेच वर केला होता.

"काकू, आले हो, आले!"

चाकं टेकली. अंगण झटक्यात मिटलं आणि कमल एकदम काकूंच्या उंबऱ्यात उभी राहिली. काकू दाराला टेकून बसल्या होत्या, एक हात अंगणाकडे पुढे केलेला. कमलने तो धरला. त्या हाताने तिला धरलं नाही.

तिचा फोन वाजला.

"आई, पोचले गं! चहा टाक. काकूंनाही बोलाव."