मंदा पळते कशी

गाडी कालव्यावरून डावीकडे वळली तशी मागच्या सीटवर झोपलेली मंदा उठून उभी राहिली आणि काचेला नाक लावून कुंई कुंई करायला लागली.

“घाबरली,” त्र्यंबकराव म्हणाले.

“बाबा, प्लीज आता सेंटी होऊ नका,” ज्ञानदा ड्राइव्ह करता करता म्हणाली. “माझ्या जर्सी सिटीच्या बिल्डिंगमध्ये एवढं मोठं कुत्रं अलाउड नाही. आणि तुम्हाला इथे चँडलरला एकटं ठेवून मी जाणार नाही. त्या शिकारी कुत्री पाळणाऱ्या रॉयने हिला घेतलं तर बरंच आहे ना? नाहीतर शेल्टर.”

देण्याआधी त्र्यंबकरावांना एकदा बघायचं होतं, मंदा पळते कशी. कुत्री शोभनाची, त्यांच्या बायकोची. रोज सकाळी फिरायला शोभनाच न्यायची. ती गेल्यापासून त्र्यंबकराव पट्टा धरून घराभोवती एक चक्कर मारून आणत, तेवढंच. बाकी दिवसभर मंदा सोफ्यावर लोळायची, पहिल्यापासूनच. म्हणून तर शोभनाने मुलीला न विचारताच कुत्रीचं नाव मंदा ठेवलं होतं.

शेत लसूणघासाचं होतं, नुकतंच कापलेलं. पलीकडे तारेचं कुंपण आणि त्याला लागून कमरेएवढं वाळलं गवत. रॉय पिकअपला टेकून उभा होता. त्याची दोन कुत्री त्याच्या पायाशी थरथरत होती. एक जेट, काळा, सगळे पायच पाय. दुसरी पेनी, केसाळ आणि बुटकी.

रॉयने मंदाच्या छातीवरून, मांड्यांवरून हात फिरवला. “लर्चर आहे. शिकारीची मिश्र जात. पाय ग्रेहाउंडचे. डोकं कुणाचं, ते पळाल्यावर कळेल.” मग तो ज्ञानदाकडे वळला. “पळता न येणारं कुत्रं मी पोसत नाही, हे आधीच सांगतो.”

तेवढ्यात शेतातून ससा उठला. इथला ससा, लांब पायांचा, गाढवासारख्या कानांचा.

जेट सुटला. पोट जमिनीला घासेल इतका खाली, नाकासमोर. ससा वळला की तो तसाच पुढे जायचा, पाय रोवून धुरळा उडवायचा, पुन्हा वेग घ्यायचा. पेनी मागून पळत होती, निवांत वाटावी अशी. पण ससा वळला की ती आतून वळण कापायची आणि जेटच्या पुढे असायची.

“हे तुम्ही शिकवलंत?” त्र्यंबकरावांनी विचारलं.

“पळणं शिकवता येत नाही. ते घेऊनच येतात.”

मंदाचा पट्टा काढला होता, तरी ती जागची हलली नव्हती. तिने एकदा सशाकडे पाहिलं. मग पाठ फिरवली आणि दुडक्या चालीने कुंपणाकडे निघाली. गवताजवळ गेली आणि खाली बसली.

“झोपली,” ज्ञानदा म्हणाली. “नाव काढलं हं पोरीने.”

“सॉरी,” रॉय म्हणाला.

त्र्यंबकराव मात्र बघत राहिले. दोन्ही कुत्र्यांनी सशाला तिसऱ्यांदा वळवलं आणि तो सरळ कुंपणाकडे सुटला, गवताच्या त्याच जागी. मंदा उठलेली कुणाला दिसलीच नाही. एक झेप, आणि ससा तिच्या तोंडात होता.

रॉयने शीळ घालून आपली कुत्री बोलावली, त्यांचे पट्टे पकडले.

“तिथे कुंपणाला फट आहे,” तो म्हणाला. “गवतात झाकलेली. माझ्या कुत्र्यांना ती सापडायला अख्खा हिवाळा गेला. हिला इथे आधी कोण आणत होतं?”

“कोणीच नाही. आई हिला पार्कात न्यायची.”

त्र्यंबकरावांनी खाली पाहिलं. त्यांचे मोजे कुसळांनी भरले होते. शोभनाचेही असेच भरलेले असायचे. कुठल्या पार्कात गं एवढी कुसळं, असं ते विचारायचे. हल्ली गवत नीट कापत नाहीत हो, असं ती सांगायची.

मंदा रॉयला ओलांडून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ससा जिवंत होता, पाय झाडत होता.

“ड्रॉप,” रॉय म्हणाला. “लीव्ह इट. मँडा, गिव्ह!”

मंदा त्र्यंबकरावांकडेच बघत होती.

“सोड,” ते म्हणाले. मग शोभना म्हणाली असती तसं म्हणाले, “सोड गं त्याला.”

मंदाने ससा अलगद खाली ठेवला. तो क्षणभर दबून बसला, मग उडाला आणि फटीतून पार झाला. मंदा मागे गेली नाही. खाली बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, शाबासकीची वाट बघत असल्यासारखी.

“जिवंत आणून द्यायचं, हे मात्र शिकवावं लागतं,” रॉय म्हणाला. “मी घेतो हिला. आत्ता. फक्त तो शब्द सांगा.”

“सोड.”

“सोर्ड.”

मंदाने कानही हलवला नाही.

“ड. जीभ मागे न्या, टाळूला लावा. सोड.”

“सोल.”

ज्ञानदाला हसू आलं. हसता हसता तिने चेहरा फिरवला.

“नाही जमायचं तुम्हाला,” त्र्यंबकराव म्हणाले, आणि वाकून त्यांनी मंदाच्या गळ्यात पट्टा अडकवला.

“बाबा, अहो, मग जर्सी सिटी?”

“तू जा. मी येईन अधूनमधून. हिला सकाळी इथे कोण आणणार?”

रॉय अजून ओठांतल्या ओठांत प्रयत्न करत होता. “बरं, पण त्याचा अर्थ तरी काय होतो?”

त्र्यंबकरावांनी पट्टा मनगटाभोवती दोनदा गुंडाळला, घट्ट केला आणि मग अर्थ सांगितला.